तिसऱ्या खड्ड्यातला गाळ

भाऊजी,

आश्विनात नाली आटली की तुम्ही खड्ड्यात उतरायचात. चिमूटभर काळा गाळ बोटांत चोळायचात, मग जिभेच्या टोकावर ठेवून डोळे मिटायचात. "खारट नाही. चालते," असं म्हणून थुंकायचात, धोतराला हात पुसायचात आणि त्याच हातानं तंबाखू मळायचात. मी बांधावर उभा असायचो. शेवटची तीन वर्षं मी हे बांधावर उभा राहून पाहिलं आणि खरं काय ते सांगितलं नाही. तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. तुमच्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत, ते बोलतील. मला आधी हे सांगायचं आहे.

इचोड्याची ती नाली तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखत होता. हैदराबाद–नागपूर सडकेच्या कडेनं ती येते. वाटेत ट्रक धुणारे, बॅटऱ्या उघडून धुणारे, रेडिएटरला डाग देणारे, डबे खरवडून रंग देणारे, असे सगळे ओळीनं बसलेले. पाऊस पडला की या सगळ्यांच्या अंगणातली आणि सडकेवरची धूळ, काजळी नि कीस वाहून नालीत येतो आणि नाली तुमच्या वावराच्या डोक्याशी वळते. दुसरा कोणी असता तर त्यानं बांध घालून ती घाण बाहेर लोटली असती. तुम्ही तिला आत घेतलं. एकाखाली एक असे तीन खड्डे खणले. पहिल्यात खडे आणि रेती बसायची, दुसऱ्यात जाड माती, आणि तिसऱ्यात पाणी इतकं मंद व्हायचं की लोण्यासारखा मऊ गाळ तळाला थर धरायचा. वरून निघणारं पाणी निवळशंख. ते पाणी पाटात आणि तो गाळ पालक-कोथिंबिरीच्या वाफ्यात. तुमचं पाहून पुढच्या सगळ्या भाजीवाल्यांनी तसेच खड्डे केले.

"सरकार सडक बांधते, टरकवाले खत आणतेत, अन् पाऊस ते माह्या दारात टाकून जाते," तुम्ही म्हणायचात. "असा नोकर तुह्या दफ्तरात तरी हाय काय, साळेबुवा?"

दफ्तर. त्या नोकरीपर्यंत मला तुम्हीच नेलं होतं. ज्या वर्षी इंद्रवेल्लीत पोलिसांच्या गोळ्या चालल्या, त्याच उन्हाळ्यात माझी आदिलाबादची मुलाखत होती. रस्त्यावर पोलीस आणि गाड्यांचा काही भरवसा नाही. मी घरी बसून राहिलो होतो. तुम्ही सायकल काढली, मागच्या कॅरिअरवर भाजीचं पोतं बांधायची दोरी होती ती सोडली आणि म्हणालात, "बस. आज तूच माही भाजी." एवढ्या उन्हात तुम्ही मला डबलसीट नेलं. चढावर मी उतरतो म्हटलं तर म्हणालात, "उतरू नको, घामानं शर्ट खराब होईन, साहेब काय म्हनन?" मुलाखत होईपर्यंत तुम्ही बाहेर लिंबाच्या सावलीत बसलात. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मला सहायकाची जागा मिळाली. तुम्ही परतताना सगळ्या वाटेवर भेटेल त्याला सांगत होता, "आमचा साळा आता पान्याचा डाक्टर झाला."

या पाण्याच्या डॉक्टरकडे तुम्ही आयुष्यात एकच काम घेऊन आलात.

बॅटरीवाल्याच्या अंगणातलं डबकं पिऊन कोणाची तरी म्हैस मेली आणि बाजारात बोंब झाली की नालीवरची भाजी विषारी आहे. बायका तुमच्या टोपलीला हात लावेनात. दोन बाजार तुम्ही भरलेली टोपली तशीच घरी आणलीत. अक्कानं ती भाजी शेजारी वाटली, ढोरांना घातली. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या दफ्तराच्या दारात उभे होता.

"तपासून दे," तुम्ही म्हणालात. "खराब असन तं खराब म्हन. मी मिरची लावीन, कापूस लावीन. पन कागदावर दे. लोकं तोंडाचं आयकत नाहीत."

भाऊजी, तुम्ही खराब ऐकायलाही तयार होऊन आला होता. हे मी विसरू शकत नाही.

मी नमुना घ्यायला आलो. कुठून घेतला, तर तिसऱ्या खड्ड्याच्या पुढून, जिथे पाणी निवळलेलं असतं. तरी त्यात थोडी गढूळ झाक होतीच. दफ्तरात आम्हाला पिण्याच्या पाण्याचं काम ठाऊक. गढूळ नमुना आला की तो ठेवायचा, गाळणीच्या कागदातून गाळायचा आणि खालचं पाणी तपासायचं. मी तसंच केलं. कागदावर काळा, बारीक, काजळासारखा लेप राहिला. तो कागद मी घडी करून टोपलीत टाकला. खालचं काचेसारखं पाणी बाटलीत भरून हैदराबादला पाठवलं, कारण शिसं मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. उत्तर आलं की पाण्यात शिसं धोक्याच्या मर्यादेच्या आत आहे. मी त्याची नक्कल स्वतःच्या अक्षरात काढली, शिक्का मारला आणि तुम्हाला दिली.

तुम्ही तिला प्लास्टिकची पिशवी शिवून घेतली. बाजारात ती टोपलीच्या काठाला टाचलेली असायची. "सरकारी कागद हाय, वाच! वाचता येत नाही तं पोराले इचार!" असं तुम्ही बायकांना ओरडून सांगायचात. बायका हसायच्या आणि भाजी घ्यायच्या. शेजारच्या वावरातला लच्चन्ना माझ्याकडे येऊन म्हणाला होता, "तम्मी, छोटे भाई, तुमने हम सबकू बचाया." मी पानसुपारी खाल्ली त्याच्या हातची. मला फार बरं वाटलं होतं.

इथपर्यंत माझी चूक अज्ञानाची होती. एवढीच असती तर मी हे लिहिलं नसतं.

तीन वर्षांपूर्वी मला हैदराबादला शिकायला पाठवलं. तिथं शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या साहेबांनी सडकेच्या नालीतल्या पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. तासाभरानं पाणी वर, गाळ खाली. त्यांनी विचारलं, "शिसं शोधायचंय. काय पाठवाल?" आम्ही सगळ्यांनी वरचं पाणी दाखवलं. ते हसले. म्हणाले की सडकेवरच्या धुळीतलं शिसं, जस्त पाण्यात फारसं विरघळत नाही, ते मातीच्या कणांना चिकटून येतं. कण जितका बारीक तितकं जास्त. "तुम्ही पाणी गाळलंत तर शिसं कागदावर राहिलं. आणि कागद तुम्ही फेकून दिला."

बाकीचे वहीत लिहून घेत होते. माझ्या डोळ्यांसमोर तुमचा तिसरा खड्डा उभा राहिला. तुम्ही इतक्या हुशारीनं बारीक कण वेगळे काढले होते, आणि ते पालकाच्या मुळाशी नेऊन घातले होते. आणि जीभ लावून पाहत होता.

परत आल्यावर मी तुम्हाला न सांगता तिसऱ्या खड्ड्यातला मूठभर गाळ रुमालात बांधून नेला. वाळवला, आणि नाव न घालता हैदराबादला पाठवला. उत्तर आलं तेव्हा आमच्या साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, "हे बॅटरीच्या कारखान्यातलं आहे का?"

मी म्हटलं, "हो."

का म्हटलं? भाऊजी, मी हे सोळा दिवस स्वतःला विचारतो आहे. नोकरी जाईल असं वाटलं, हे खरं आहे. पण त्याहून जास्त मला तुमची टोपली दिसत होती, आणि तिच्यावर टाचलेलं माझं अक्षर. ते अक्षर खोटं ठरलं तर बाजार तुमच्या तोंडावर थुंकेल असं मी मनाला समजावलं. खरं असं होतं की बाजार माझ्या तोंडावर थुंकेल. "पान्याचा डाक्टर" हे नाव मला आवडलं होतं.

त्याच आश्विनात आपलं ते भांडण झालं. तुम्ही खड्ड्यात गुडघाभर उभे, घमेलं भरून वर देत होता. मी बांधावरून म्हटलं, "भाऊजी, यंदा गाळ राहू द्या. शेणखत टाका."

"काऊन?"

"सडकेची घाण आहे. टायरचा कीस, तेल..."

"घान तं शेनात बी हाय. शेन काय देवळातून येते?" लच्चन्ना पलीकडून हसला. तुम्हीही हसलात, पण मग माझा चेहरा पाहून हात थांबवलात. "सरळ बोल, साळेबुवा. तुह्या कागदात लिवलं होतं का सगळं बराबर हाय. तो कागद खोटा हाय काय?"

मी सांगू शकलो असतो. लच्चन्नासमोर, त्या एका वाक्यात सगळं संपलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "कागद खरा आहे."

"मंग बांधावर उभा राहून माहं डोकं नको खाऊ. उतर खाली, घमेलं धर."

मी उतरलो. घमेलं धरलं. तो गाळ मी स्वतःच्या हातांनी पालकाच्या वाफ्यात टाकला. कागद खरा होता, कारण पाण्यात धोक्याइतकं शिसं खरंच नव्हतं. असं खरं बोलून माणूस काय करू शकतो ते मला त्या दिवशी कळलं.

गेल्या वर्षी तुमच्या पोटात कळा यायला लागल्या. मग चेहरा फिका पडला. मग उजव्या हाताचं मनगट लोंबायला लागलं, तांब्या उचलताना सुटायचा, आणि तुम्ही सुमीला म्हणायचात, "तुह्या बापाच्या हातातून आता सत्ता गेली व माय." पोरगी हसायची आणि आत जाऊन रडायची. मी तुम्हाला नागपूरला नेलं. तो डॉक्टर तरुण होता, घाईत नव्हता. त्यानं तुमचं मनगट उचलून पाहिलं, हिरड्या पाहिल्या, आणि विचारलं, "काम काय करता? रंगकाम? बॅटरीचं? छापखान्यात होता का कधी?"

"नाही जी. भाजीवाला हाय मी. कुदळ अन् टोपली, बस."

"शिशाशी काही संबंध?"

तुम्हाला तो शब्द कळला नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. तुमच्या डोळ्यांत एवढंच होतं की हा शिकलेला आहे, हा सांगेल. डॉक्टरनंही माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही घरचे ना? काही माहीत आहे का?"

पंखा फिरत होता. त्याच्या पेनचं टोपण उघडं होतं. तुम्ही मला हसून म्हणालात, "सांग नं बाबू, शेतीच हाय म्हनून."

"शेतीच आहे," मी म्हटलं.

डॉक्टरनं कागदावर एक तपासणी लिहिली होती, ती त्यानं खोडली आणि दुसरी लिहिली. बाहेर आल्यावर तुम्ही माझ्या खांद्यावर तो लुळा हात ठेवलात आणि म्हणालात, "तू होता म्हनून बरं झालं. मले त्यायचं बोलनं समजलं नसतं."

भाऊजी, तुम्ही त्या गाळानंच गेलात असं कोणी म्हटलेलं नाही. मूत्रपिंडं गेली असं कागदावर आहे. ती कशानं गेली हे आता कोणी सांगू शकणार नाही, कारण जी तपासणी सांगू शकली असती ती माझ्या दोन शब्दांनी खोडली गेली. म्हणजे मला शंकेचा आधारही माझ्याच पापातून मिळाला आहे. तो मी घेणार नाही.

आता तेरवीचं सांगतो. तुम्हाला ते ठाऊक असायला हवं, कारण तुमच्या अंगणात मी तुमच्या भाजीचा अपमान केला.

चुली पेटल्या होत्या. माणसं येऊन बसली होती. मी अक्कासाठी माहेरचं लुगडं घेऊन आलो होतो, ते मांडीवर घेऊन बसलो होतो. तेवढ्यात लच्चन्ना दोन टोपल्या पालक घेऊन आला. तुमच्याच वाफ्यातला, तुम्ही अंथरुणावरून सांगून पेरायला लावलेला. पान हातभर, काळंभोर हिरवं. "अन्ना के हाथ की पालकूरा," तो म्हणाला, आणि त्यानं टोपल्या चुलीशी ठेवल्या. "सब खाव. उसकू अच्छा लगेगा." बायांनी विळ्या घेतल्या. सुमी पहिली जुडी सोडायला बसली.

"ते शिजवू नका," मी म्हटलं.

कोणाला ऐकू गेलं नाही. मी उठलो आणि ओरडलो. विळ्या थांबल्या. लच्चन्नाला वाटलं की माझा काही विधी राहिला आहे. अक्का भिंतीशी बसली होती, तिनं मान वर केली.

"काऊन?"

मी सांगितलं. उभ्यानं, सगळ्यांसमोर. तिसऱ्या खड्ड्याच्या पुढून घेतलेलं पाणी, फेकलेला काळा कागद, हैदराबादचं शिकणं, रुमालातला गाळ, बांधावर बोललेलं, डॉक्टरच्या खोलीत न बोललेलं. एक म्हातारा पुटपुटला, "माती झाली तं डोकं फिरलं याचं." लच्चन्नाला मराठी अर्धीच कळत होती. मी त्याला तेलुगूत पुन्हा सांगितलं, तेव्हा तो टोपलीशेजारी बसला आणि स्वतःच्या तळहातांकडे पाहायला लागला. त्याचे तीन नातू त्याच वाफ्यांवर वाढले आहेत.

अक्का रडली नाही. मला वाटलं, ती विचारेल की माझा माणूस वाचला असता काय. तिनं ते विचारलं नाही.

"तीन वर्सं," ती म्हणाली. "तीन वर्सं तू माह्या घरी भाजी खात नवता. पोट दुखते म्हने. मले फक्त वरन दे म्हने. मी येडी, तुह्यासाठी मुगाचं वरन येगळं टाकत होती."

भाऊजी, हे मी वर कुठेच लिहिलं नाही. लिहायला बसलो तेव्हाही हे लपवलं. तुम्ही माझ्यासमोर बसून पालक-भाकर खायचात, सुमी खायची, माझी बहीण खायची, आणि मी वरण ओतून घ्यायचो. तुम्ही थट्टा करायचात, "शहराचं पोट हाय, साहेबाचं." मी हसायचो. इतरांना सांगायला मला शब्द सापडत नव्हते असं मी इतकी वर्षं मानत आलो. माझा हात मात्र प्रत्येक जेवणात ताटातून भाजी बाजूला सारत होता.

लुगडं तिनं घेतलं नाही. मीही पुढे केलं नाही.

दुपारी लच्चन्ना आणि आणखी चार जण नालीवर आले. मी त्यांना तिन्ही खड्डे दाखवले, कुठला गाळ किती वाईट ते सांगितलं. एकानं विचारलं, "आता आमच्या भाजीले कोन हात लावन?" मी म्हटलं, मला माहीत नाही. दुसरा म्हणाला, सोताचं पाप मेल्या माणसाच्या नावावर खपवून राहिला. दफ्तरात मी लेखी दिलं आहे की नमुना मी गाळला आणि दुसऱ्या वेळी खोटं बोललो. पुढे काय होईल ते होवो.

काल पुन्हा अक्काकडे गेलो. तिनं मला आत बोलावलं नाही. ती दारात उभी होती, माझ्याकडे न पाहता बोलत होती.

"सुमीचं रक्त तपासाचं तं उपाशी न्यायचं का जेवून?"

"जेवून चालते."

"अन् माहं?"

"तुझंही. दोघींचं."

"डॉक्टरले कोन सांगन?"

"मी."

"सगळं?"

"सगळं, अक्का."

ती आत गेली. दार तिनं लावलं नाही, नुसतं लोटलं. मंगळवारी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं नागपूरला जातो आहोत, भाऊजी.